तेवीस टॅब आणि ‘इतर’चा रकाना

कोथरूड, पुणे
रविवार, १५ जुलै २०१८

आदरणीय विक्रमदादा,

सप्रेम जय भीम. तुझी आणि वहिनींची तब्येत उत्तम असणार असं धरून चालते, कारण फॅमिली ग्रुपवर तू रोज सकाळी सहाला रत्नागिरीच्या समुद्राचा फोटो टाकतोस आणि आजारी माणूस इतका नियमित नसतो. गुडघा कसा आहे? माझी साखर आटोक्यात आहे (तपासलेली नाही). आमच्याकडे हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या पंख्यांचा वेग ठरवतात आणि उरलेल्या वेळात मला विचारतात की शाळेत एवढं काय असतं. तर काय असतं ते तुला लिहिते, कारण ते ऐकताना यांचा डोळा लागतो.

आमची शाळा जूनपासून डिजिटल झाली. म्हणजे एका देणगीदाराने तेवीस टॅब दिले, आणि ते कपाटात पडून राहू नयेत म्हणून मुख्याध्यापिका शर्मिला मॅडमनी फर्मान काढलं की यंदा दहावीचा वर्ग ज्याला हवा त्याने समितीसमोर एक डिजिटल पाठ घेऊन दाखवावा. दहावीचा भूगोल एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. दुसरे उमेदवार सौरभ सर, वय एकोणतीस, लॅपटॉपच्या पाठीवर सात स्टिकर. मी नापास झाले तर माझ्यासाठी ग्रंथालय आणि रांगोळी स्पर्धा राखून ठेवलेली आहे. रांगोळीशी माझं वैर नाही दादा, पण निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना मला तो तास हवा आहे. मनापासून हवा आहे.

म्हणून मी शिकायला बसले. शिकवणार कोण, तर आमची कॉम्प्युटरची अक्षता, जी माझ्याच हाताखालून दहावी झाली आणि आता मला “मॅडम, घाबरू नका, काही फुटत नाही” असं सांगते. पहिल्या दिवशी तिने बोलून टाइप करायला शिकवलं. आपण बोलायचं आणि फोनने मुकाट्याने लिहायचं, ही सोय ज्याने काढली त्याच्या घरी नक्की कुणी ऐकत नसणार. मी हौसेने गॅलरीत बसून हिमालयावर दोन पानं सांगितली. वाचून पाहते तर हिमालयाची निर्मिती दोन भूपट्टांच्या टकरीतून झाली आणि मेथी ताजी आहे ताई. खाली हातगाडी उभी होती. फोनला माझा आवाज आणि भाजीवाल्याचा आवाज यांत काही डावंउजवं वाटलं नाही, याचं मला थोडं लागलं.

मग तिने पृथ्वीचा नकाशा दाखवला, तो आकाशातून खाली उतरत जाणारा. दादा, तीस वर्षं भिंतीवर कापडी नकाशा टांगून छडीने दाखवलं, पण हे वेगळंच निघालं. शिकवायची होती नाईल नदी, आणि मी पाऊण तास स्वारगेटचं आगार बघत बसले. बस मोजल्या. तिथून रत्नागिरीला गेले (एसटीपेक्षा लवकर). तुझं घर सापडलं. गच्चीवरच्या निळ्या टाकीला झाकण नाही, ते लावून घे. अक्षता म्हणाली की हे फोटो दोन वर्षांपूर्वीचेही असू शकतात, म्हणजे दोन वर्षं टाकी उघडी आहे. एवढं सगळं दिसतं म्हटल्यावर मला रोज नवं काहीतरी बघायची खोडच लागली, आणि यांचा चहा दोनदा उतू गेला.

आता मुख्य गोष्ट. पाठाच्या शेवटी मुलांना किती कळलं ते पाहण्यासाठी ऑनलाइन फॉर्म करायचा असतो. मुलं टॅबवर उत्तर निवडतात, नाव लिहायचं नाही, आणि भिंतीवर लगेच गोल आकृती उमटते, प्रत्येक उत्तराची फोड वेगळ्या रंगाची. तुला आमची पद्धत माहीत आहे. तास संपताना मी विचारते, “समजलं का?” आणि सगळा वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणतो. तीस वर्षांत एकदाही नाही म्हणालेला नाही. तेव्हा त्याच अनुभवाच्या आधारे मी पर्याय केले: समजले, चांगले समजले, फारच छान समजले. खाली फॉर्म स्वतःहून विचारत होता, ‘इतर’ हवं का? मी म्हटलं, असू दे, एखाद्याला आभार मानायचे असतील.

पाठ काल झाला. सातवीचा वर्ग, धडा भरती-ओहोटी, मागच्या बाकावर समिती: शर्मिला मॅडम, सौरभ सर (स्वतः उमेदवार, तरीही) आणि एक पालक प्रतिनिधी, ज्या वही घेऊन आल्या होत्या. पाठ सुरेख झाला असं माझं मत आहे. चंद्र फिरला, पाणी फुगलं, आवाज खणखणीत लागला. मी विचारलं, “समजलं का?” “होऽऽ!” खिडक्या हादरल्या. मग एका बाकावर एक असे टॅब दिले आणि दोघांनी मिळून उत्तर द्या म्हटलं. भिंतीवर गोल उमटला. बघता बघता तो जवळजवळ सगळा जांभळा झाला. जांभळा म्हणजे ‘इतर’. तेवीसपैकी एकोणीस.

आणि दादा, इतरमध्ये लिहिलेलंही दिसतं. एकाखाली एक, टपोऱ्या अक्षरांत. “केंद्रोत्सारी म्हणजे काय?” “समजलं पण दुपारपर्यंत टिकणार नाही.” “मागच्या धड्यापासून समजलेलं नाही.” “मॅडमचा आवाज छान आहे, बाकी नाही.” आणि एका बाकाने लिहिलं होतं, “चंद्र या बाजूला आहे, मग पलीकडच्या बाजूचं पाणी कोणासाठी वर येतं?” पालक प्रतिनिधी लिहून घेत होत्या. शर्मिला मॅडम म्हणाल्या, “रंग छान आलाय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय, मॅडम?” मी सांगणारच होते, पण बेल झाली. (बेलला अजून चार मिनिटं होती, असं सौरभ सर म्हणाले. त्यांचं घड्याळ मागे असेल.) आता शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, हाच धडा, हाच वर्ग, हीच समिती आणि ‘इतर’चा रकाना कायम ठेवून पुन्हा पाठ घ्यायचा आहे. त्यावर दहावीचं ठरेल.

मला राग आला होता हे कबूल करते. पण रात्रीपर्यंत राग गेला आणि नुसतंच कुतूहल उरलं की ज्या पोरांनी तोंडाने हो म्हटलं, त्यांनीच बोटाने नाही कसं म्हटलं. त्या फॉर्मने काही जादू केली नाही, फक्त नाव विचारलं नाही. मग मी व्हिडिओ पाहिले. तीन पाहिले, तिघांची कारणं निरनिराळी. तिसऱ्याने तर आपलं पाठ्यपुस्तकच चुकीचं ठरवलं, आणि खाली लोक भरती-ओहोटी सोडून एकमेकांच्या शिक्षणावर घसरले होते. एक वाक्य कळलं नाही म्हणून व्हिडिओ मागे नेला, तर तो तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणाला. अगदी माझ्यासारखा.

असो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना जय भीम सांग. कोकमं पाठवणार असलास तर, म्हणजे वहिनी असल्या तर, नाही म्हणणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
तनुजा

ता. क. उत्तर मला अर्थातच ठाऊक आहे. ‘चंद्राच्या आकर्षणाने समोरच्या बाजूस आणि केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे विरुद्ध बाजूस’, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. तरी तू कॉलेजात एवढी वर्षं फिजिक्स शिकवलंस, तेव्हा मुलांसाठी सोप्या भाषेत दोन पानं, आकृतीसह, लिहून पाठव. टपालाला चार दिवस धर.

ता. क. २. फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस. तिथे सगळे अंगठा दाखवतील आणि हे विचारतील की तनूला हे येत नाही का.

ता. क. ३. मुलांसाठी नको, मलाच पाठव. पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून हे लिहिते आहे. १९८० साली माझ्या दहावीच्या वेळी तू पिंपरीच्या कारखान्यातली पहिली पाळी करून यायचास आणि हातपाय धुऊन, जेवायच्या आधी, मला शिकवायला बसायचास. हाच धडा तू पेला आणि लिंबू घेऊन समजावलास आणि विचारलंस, “समजलं का, तनू?” तुझे डोळे मिटत होते. आपल्या घरातला पहिला बी.एस्सी. माझ्यासाठी उपाशी बसला होता, त्याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणाले. नव्हतं समजलं, दादा. आता जेवून घे आणि पहिल्यापासून सांग.