मुखरूभाऊंच्या तोंडावर यांचा फोटो

सिंदेवाही, चैत्र १९५४

चि. देवाजी,

मोहाची फुलं अंगणात पसरून मी चुलीला पोतेरं देत होते, तेव्हा वच्छलेनं विचारलं, बाबा दिसायला कसे होते. (तुला आशीर्वाद द्यायचा राहिलाच. तो घे, आणि गुडघा कसा आहे ते कळव.) वैशाखात ती सासरी जाणार, आणि हे गेले तेव्हा ती रांगत होती. मी नाक सांगितलं, कपाळ सांगितलं; पण तसं वर्णन कोणालाही लागू पडेल.

त्याच आठवड्यात बाजारात फोटोवाला आला. गेलेल्या माणसाचा फोटो हुबेहूब मिळेल, अशी त्याची पाटी. (वाचायला शिकल्यापासून माझा पाट्यांवर फार विश्वास.) त्याची रीत अशी, की तोंडवळा जुळणारा माणूस बसवायचा आणि उरलेला फरक ब्रशानं भरून काढायचा. म्हणून यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे मुखरूभाऊ, धाकट्या भावाचा कोट घालून राजवाडा रंगवलेल्या पडद्यापुढे श्वास रोखून बसले. आता भासऱ्यापुढे मी आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहणार कशी? तेव्हा जिला चेहरा ठाऊक ती पडद्यामागे, आणि नाक ठरवायला शेजारच्या सुगंधाबाई. त्यांनी नाक लांबवलं, यांचा जोडीदार वारलू यानं मिशा वाढवल्या. फोटोवाल्यानं कोणाचंच मन मोडलं नाही. भिंतीवर जो आला तो कुठलासा तहसीलदार वाटतो. सुगंधाबाईंनी त्याला हार घातला. तो पाहून जाऊबाई रुसल्या, कारण नवरा जिवंत असून त्याच्या फोटोला हार.

वच्छला मात्र फोटोपुढून हलेना.

"आई, बाबा असेच होते का वो?"

"नाई. तुझे बाबा इतका वेळ चूप बसलेच नाई कधी."

ती हसली, मीही हसले. पण पुन्हा तिची नजर तिकडेच. पोरीला तो चेहरा पाठ होऊन राहिला आहे, देवाजी, आणि तो तिच्या बापाचा नाही.

तुझी,
रंभाताई

ता. क. माझ्या लग्नातला तुझ्याकडचा फोटो पाठव. हे नेमके हलले आणि तोंडाच्या जागी धुरकट डाग आला, तोच. तेव्हा आपण हसलो होतो, पण त्यात हेच आहेत. (तू फेटा बांधून ऐटीत उभा आहेस, म्हणून देणार नाहीस, ठाऊक आहे. तुझ्या फेट्याला हात लावणार नाही.)

आणखी एक. भिंत रिकामी ठेवली आहे. वच्छलेशी हे बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हार काढला आणि तो फोटो जाऊबाईंना नेऊन दिला.