हवेचा धक्का बसलेल्या कौस्तुभला व्हॉल्व्हवर न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
पूर्वतीर तेल साठवण कंपनी,
न्यू टाउन, कोलकाता.

विषय: ‘कामास योग्य’ हा शेरा काढून टाकणेबाबत.
संदर्भ: याआधीचे दोन अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार श्यामला सबनीस, शिक्षण चौथी, आपण मराठी आहात असे कळल्यावरून हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचे दोन सुनेने इंग्रजीत लिहिले होते. फार सभ्य होते, म्हणून पडून राहिले असावेत.

१. अर्जदाराचा मुलगा कौस्तुभ आपल्या बजबजच्या डेपोत व्हॉल्व्हवर आहे. दिवाळीनंतर तिथे टाकीचा स्फोट झाला. आग त्याच्यापर्यंत पोचली नाही, हवेच्या धक्क्यानेच तो पडला. साधे खरचटलेही नाही. सगळे म्हणाले, नशीब.

२. सियालदहच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितले, "माशीमा (मावशी म्हणायची इथली रीत), तो धक्का कवटीतून आरपार जातो. आतल्या बारीक तारा ताणून तुटतात. साध्या स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही." आपल्या वैद्यकीय मंडळाने स्कॅन पाहिला, डोक्यावरून हात फिरवला आणि जखम कुठे आहे असे आम्हालाच विचारले.

३. मग त्याला डेपोची सुरक्षेची शपथ म्हणायला लावली. ती तो नोकरी लागल्यापासून रोज सकाळी रांगेत उभा राहून म्हणतो. घडाघडा म्हणाला. साहेब खूश, शेरा तयार. घरी तोच माणूस नळ सोडतो आणि बघत उभा राहतो. बादली भरून वाहते. परवा लेकीला म्हणाला, "सानिका, हा बंद कुठल्या बाजूला होतो गं?" पोरीने बंद केला. त्या हातात आपण तेलाचा व्हॉल्व्ह देणार?

४. सोमवारी हजर व्हायचा हुकूम आहे. तो जायला तयार आहे, कारण आपण बरे आहोत असे त्याला वाटते. सून म्हणते, घरी बसून आणखी खचतील. अर्जदार आता भांडून दमली आहे. दया नको, फुकटचा पगारही नको. जखम झाली एवढे लिहून द्यावे आणि त्याला टेबलाचे काम द्यावे.

५. तोवर त्याचा गेटपास त्याच्या नकळत काढून या अर्जाला टाचला आहे. त्याशिवाय दरवान आत सोडत नाही. त्याने व्हॉल्व्हवर जावेच असे आपले मत असेल, तर पास टपालाने पाठवू नये. आपण स्वतः घरी यावे आणि आईसमोर त्याच्या गळ्यात घालावा.

नम्र, अजून तरी,
श्यामला सबनीस
बेहाला, कोलकाता
११ फेब्रुवारी २०२५

सोबत: गेटपास, मूळ.