क्रौंचाचं घरटं आणि तोफखाना

३ तारीख, सोमवार

आज चौतीस माणसं फिरवली. एकालाही डोळे नव्हते! एक बाई म्हणे, "बदकं किती वाजता सोडता?" सर्कस आहे का ही? चौदा वर्षं या पाणथळीत लोकांना पायवाटा दाखवतेय. गाढवापुढे गीता, दुसरं काय.

पण क्रौंचाच्या जोडीने घरटं केलंय! लव्हाळ्याच्या पार आत, दोन अंडी. नऊ वर्षांनी! साहेबांना सांगितलं तर "वा, वा" म्हणाले आणि चहा मागवला. म्हणजे राखण माझ्याच गळ्यात.

५ तारीख

सकाळी पाहून आले. अंडी दोन. रोज एकाच वाटेने जायचं, म्हणजे लव्हाळं कमी तुडवलं जातं. ही अक्कल बाकीच्यांना कुठून असणार!

८ तारीख

तोफखाना उगवला. हातभर लांब कॅमेरा, अंगात पानांच्या छापाचा सदरा — जसे काही पक्षी आंधळेच! दिवसभर मनोऱ्यावर ठाण मांडून बसतो. वर मला म्हणे, "बाई, तुम्ही यांच्यासाठी फार करता हो." मस्का! असली माणसं एका फोटोपायी घरट्यात मुंडकं घालतील.

जेवताना नवरा म्हणाला, "रोज कशाला जातेस? अंडी काय हजेरी देतात?" ज्याला घार आणि कावळा ओळखायला मी शिकवलं, तो मला शिकवतोय!

११ तारीख

अंडी दोन.

१४ तारीख

घरटं रिकामं. नुसती टरफलं. मादी शेजारी चिखलात उभी होती, ओरडतही नव्हती. मी तिथेच रडले.

तडक साहेबांकडे गेले. "तोफखान्याचंच काम! जवळ जाऊन उठवलं त्याने त्यांना."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? दुसरं कोण करणार?"

तो फाटकातून आत येतच होता. पास काढून घेतला, तिथूनच परत पाठवला. काहीतरी सांगत होता, मी ऐकूनच घेतलं नाही. चोराच्या मनात चांदणं!

१६ तारीख

तिकीटवाल्याने पाकीट दिलं. "ते कॅमेरावाले ठेवून गेलेत, फक्त तुमच्या हातात द्या म्हणाले."

आत एक फोटो. मनोऱ्यावरून काढलेला, तेरा तारखेच्या संध्याकाळचा. लव्हाळ्यातून थेट घरट्यापर्यंत गेलेली स्वच्छ मोकळी वाट, आणि तिच्यावरून आरामात चाललेला कोल्हा.

ती वाट माझी. दुसरं कोणी तिथे जातच नाही. एवढ्या दाट लव्हाळ्यात कोल्हा शिरत नाही, हे मीच पाहुण्यांना घसा फोडून सांगते. मीच त्याला रस्ता करून दिला!

मागे लिहिलंय, "खूप ओरडलो, टाळ्या वाजवल्या, पण अंतर फार होतं. दुसऱ्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. हा फोटो कोणालाही दाखवलेला नाही."

१७ तारीख

साहेबांनी विचारलं, "त्याचा पास कायमचा रद्द करायचा ना?"

म्हटलं, "करा."