भाऊजींचे नट

१२ नोव्हेंबर
समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवरून

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. समोर असतो तर आशीर्वादाऐवजी पाठीत धपाटा मिळाला असता, तेव्हा मध्ये समुद्र आहे तेच बरं. मी ठीक. जेवण बेचव, वारा चिक्कार. भाऊजींचा खोकला गेला. भाचीला सांग, डॉल्फिन दिसले.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. 'सख्ख्या भावानं माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय दिला' असं तू आईला म्हणालीस. काय घडलं ते नीट ऐक.

गॅसच्या मोठ्या पाइपाचा जोड भाऊजींनी दुरुस्त केला. नट आवळला की त्यावर पिवळी खूण करायची, मग मी तपासून सही करायची, अशी इथली रीत. ग्रीसच्या हातांनी रंग नीट लागत नाही म्हणून त्या दिवशी भाऊजींनी सगळ्या खुणा आधीच करून घेतल्या. आवळता आवळता त्यांना दुसऱ्या कामाला हाक आली. परत येऊन बघतात तर सगळीकडे पिवळंच पिवळं. झालं काम म्हणून हात पुसले.

मी पाना लावला आणि नट फिरला. शेजारचाही फिरला. गॅस सोडला असता तर? वरच आमच्या झोपायच्या खोल्या आहेत, ताई. भाऊजींचीही. मी गॅस सोडू दिला नाही आणि साहेबांना कळवलं, भाऊजींचं नाव घेऊन. त्यांची नोकरी जाणार असंच सगळे म्हणत होते.

आता आईलाही न सांगितलेलं सांगतो. मी काही फार मोठा कर्तव्यदक्ष नाही. भाऊजींची खूण दिसली की एखाददुसरा नट चाचपून सही ठोकायचो. घरचा माणूस, हातात कसब. पण आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या घोरण्याची हुबेहूब नक्कल केली होती. मी धुमसत होतो. आज यांची चूक काढतोच, म्हणून एकेक नट तपासला. तो फिरला तेव्हा आधी मला आनंद झाला गं. मग वरच्या खोल्या आठवल्या.

काल चौकशीत मी हे सगळं बोलून टाकलं. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. वाटलं, आता हा माणूस जन्मात माझं तोंड बघणार नाही. तर साहेबांना म्हणाले, "साहेब, माझं काम तपासायला यालाच ठेवा. रोज घोरून दाखवीन!" साहेबसुद्धा हसले. नोकरी राहिली. रंगाचा डबा मात्र आता माझ्या ताब्यात. ते आवळणार, मी तपासणार, मगच खूण.

पुढच्या आठवड्यात ते सुट्टीवर घरी येतील. त्यांना चार दिवस नुसतं झोपू दे. माझ्यावर हवं तितकं रागाव. नवरा घरात आहे आणि ताई भावावर चिडली आहे, हे मी जन्मभर सोसेन. दुसरं काही बघवलं नसतं.

तुझ्या नवऱ्यावर तसूभर विश्वास न ठेवणारा,
तुझा धाकटा