खो मिळेपर्यंत बसायचं

९ डिसेंबर
चुका झाल्या तर माफी. शाळा सोडून दोन वर्षं झाली, ऱ्हस्व-दीर्घ कवाच इसरले. आनि मोबाईलवर एका बोटानं टाईप करते, लई वेळ लागतो. पन माफी कुनाला मागते? हे कोन वाचनार बी न्हाई!

आज दया मॅडम घरी आल्त्या. पाचवीला मला त्याच हुत्या. म्हनल्या, "सुकन्या, तू जिल्ह्याला खो-खो खेळलीस. आमची पोरं खो मिळायच्या आधीच उठतात गं. दर वेळी फाऊल! त्यांना बसायला शिकव." मी म्हनले, मला चार लोकांत बोलता येत न्हाई. "बोलू नकोस. बसव."
व्हय म्हनले. 

१० डिसेंबर
सकाळी सातला ग्राउंड. पाचवी ते सातवीची बारा पोरं. बसतच न्हाईत! कॅप्टन अमृत म्हनतो, "ताई, आवाज येईना, व्हॉल्यूम वाढवा!" सगळे खिदळले. माझे कान गरम.

त्यात समर्थ. सहावीतला, बारका, पळायला वारा. आऊट झाला की हात चालतो त्याचा. आज अमृतच्या पाठीत बुक्की. मॅडमनी सांगितलं — अजून एकदा हात उचलला की संघातून नाव कट.
तो शाळंत येतो तेच खो-खोसाठी. ते गेलं की घरी बसनार. मला म्हाईत हाय ना! नववीत वाचताना अडकले, वर्ग हसला, मी दप्तर घेऊन उठले. एकदा उठले ते उठलेच.

१३ डिसेंबर
नवीन काढलं. पोरं चौकोनात बसवायची. मी त्यांच्या नाकासमोरून पळते, टिचक्या वाजवते, "हो!" "गो!" आसं कायबी ओरडते. (ओरडले! मी!) पाठीवर हात आनि खो, दोन्ही आल्याबिगर उठायचं न्हाई. पयल्यांदा अकरा जन उठले. मग सात. शेवटी तीन.
समर्थ दर बारीला उठला. म्हनला, "ताई, मी न्हाई उठत. पायच उठतो."
"मग पायाला काम दे. अंगठा मातीत दाब, जोरात. राग आला तरी तेच."

१४ डिसेंबर
उठला.

१८ डिसेंबर
आज एकदा बी न्हाई! नंतर नळावर अमृत त्याला डिवचतोय, "मॅडमचं पाळलेलं कुत्रं!" समर्थची मूठ वळली. मी लांब हुते, पळाले असते तरी पोचले नसते. तर ह्यानं चिखलात अंगठा आसा रुतवला... मग म्हनला, "व्हय. आनि तू भटकं."
अमृतलाच हसू आलं.

२५ डिसेंबर
मॅडमकडं नाताळाचा फराळ. पोरं करंज्यांवर तुटून पडली. तिथं काय कंट्रोल न्हाई!

४ जानेवारी

राहात्याला सामना हुता. शेवटचं मिनिट, बरोबरी. एक गडी मारला की जिंकलो. त्यांचा पोरगा समर्थच्या पुढ्यातच नाचाया लागला, "ये की, ये की!" हाताच्या अंतरावर. समर्थला खो द्यायला पळत येनारा अमृत घसरून पडला. खो न्हाईच मिळाला. समर्थ बसून राह्यला. मग जादा डावात त्यांनी एक गुन जास्त काढला. हरलो.
समर्थचे पप्पा वैजूभाऊ टेम्पो उभा करून मॅच बघाया आल्ते. तरातरा आत आले. "समोर हुता तो! दगडावानी बसला! पोरीकडनं शिकल्यावर हेच व्हनार!" उठला असता तर फाऊल झाला असता, पन ते कुनाला सांगू? त्यांनी हात उगारला. समर्थ जागचा हालला न्हाई. डोळे मिटले, अंगठा मातीत.
मारायला आलेल्यापुढं बी बसून राह्यचं, हे मी शिकवलं नव्हतं!
मला काय झालं कळलं न्हाई. दोन्ही हातांनी ढकललं त्यांना. चुन्याच्या रेघंवर बसले ते. 

५ जानेवारी
मॅडमचा फोन तीनदा. उचलला न्हाई. भाकर बी गेली न्हाई. समर्थचं नाव कापलं तर? माझ्यापायी!

६ जानेवारी
आज मॅडमचा फोन उचलला. समर्थचं नाव राह्यलं. मॅडम त्याच्या पप्पांसमोर म्हनल्या, "ह्यानं हात उचलला नाही." माझं ग्राउंड बंद. मी उचलला. बरोबर हाय त्यांचं. तरी परत ढकललं असतं.
आई वरडती — आपली शेळी व्याली! तीन करडं! जाते.