रिकामी बादली

लेस्टर, ३ नोव्हेंबर

पुन्हा तेच पुस्तक, आणि पुन्हा कोणीतरी त्याची वाट लावली! या वेळी मालिका. विहिरीत उतरून दुसऱ्याच गावात पोचणारी ती अमेरिकन मुलगी आता खिशात फोन घेऊन उतरते. पोस्टमास्तर कासव कम्प्युटरवर काढलेलं. आणि शेवटी तिला न्यायला वरून बादली येते, तर ही मुलगी ती रिकामीच परत पाठवते. तिथेच राहते.

नात अन्वी शेजारी बसली होती. तिला सांगितलं, "पुस्तकात ती घरी जाते. आई दोर ओढते."

"माझ्या लहानपणी याचं कार्टून बघतानाही तू हेच म्हणाली होतीस," मालविका स्वयंपाकघरातून म्हणाली. लेकीची स्मरणशक्ती नको तिथे चांगली आहे.

५ नोव्हेंबर

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टर ब्रिजेट हे पुस्तक वाचायच्या. आम्ही बोर्डिंगच्या मुली रुमालाला टाके घालत ऐकायचो. शेवटचं प्रकरण मात्र त्या पुस्तक मिटून सांगायच्या, आमच्याकडे बघत. तोंडपाठ होतं त्यांना! याला म्हणतात निष्ठा. हल्लीच्यांना समोर उघडं पुस्तक असून जमत नाही.

९ नोव्हेंबर

नागपूरचा फ्लॅट रंगवून झाला. जानेवारीचं तिकीट, एकेरी. इथे आल्यापासून ह्यांना सांगत आले — आपली बादली येईल, आपण जाऊ. हे गेले. बादली आत्ता येतेय.

"तिथे तुझं कोण आहे, आई?" मालविका.

"घर आहे."

डिशवॉशर जरा जोरात बंद झाला.

१२ नोव्हेंबर

दुकानात स्पेनची संत्री. नाक मुरडून घेतली. गोड निघाली.

१५ नोव्हेंबर

अन्वीने लायब्ररीतून पुस्तक आणलं. "आजी, एंड तू वाच. तुझ्या सिस्टरसारखं." मी चष्मा लावून, घसा साफ करून, अगदी ऐटीत सुरुवात केली.

बादली खाली येते. मुलगी तिच्यावर हात ठेवते. आणि दोर हलवून ती रिकामीच वर पाठवते.

मी थांबले. पान मागे-पुढे करून पाहिलं.

"आजी, तू स्पॉयलर दिला," अन्वी म्हणाली, "आणि तो पण राँग."

म्हणजे पुस्तकाची वाट सगळ्यात आधी लावली ती सिस्टरांनी. समोर आम्ही बसलेलो, दिवाळीची सुट्टी संपवून आलेल्या, डोळे फाटकाकडे. त्यांनी तरी काय वाचायचं होतं?

त्या स्वतः आयर्लंडच्या. तिकडे परत कधी गेल्याच नाहीत. चॅपलमागे त्यांची कबर आहे, शेवंतीच्या वाफ्याजवळ. ती शेवंती त्यांनीच लावलेली.

१८ नोव्हेंबर

मालविकाला म्हटलं, तिकीट बदल, परतीचं कर.

लॅपटॉप उघडता उघडता ती थांबली. "परत म्हणजे इकडे ना, आई?"

हो म्हटलं.