उताराचं टोक

२ मार्च

यंदाच्या रोजनिशीला खुणेची फीत नाही! गेली एकवीस वर्षं त्याच दुकानातून त्याच आकाराची वही घेतो. दर वर्षी तिच्या पोटातून एक लाल फीत निघायची. यंदा नाही. दुकानदाराकडे तक्रार नेली तर म्हणतो, "साहेब, पान सापडत नसेल तर रोज लिहीत जा." हा उपदेश की अपमान, याचा निर्णय मी राखून ठेवला आहे. घरी विषय काढला, तर ही म्हणाली, "अहो, माझी केसांची रिबीन देऊ का?" ज्या घरात दुःखाची ही कदर, तिथे माणसाने वहीपाशीच रडावं.

संध्याकाळी दादाचा फोन. "पंडित, परवा सकाळी मोकळा आहेस ना? पाण्यात उतरायला माणूस हवा." त्याचा भागीदार मुकादम लेकीकडे गेलाय. (मुकादम हे टोपणनाव, बिचाऱ्याने जन्मात कुणावर मुकादमी केलेली नाही.) दादा चाळीस वर्षं या जलाशयात जाळं टाकतोय आणि मी तीस वर्षं बातमीदारी करतोय. पाणी आटलं की मी ते छापतो, तो ते हुडकत जातो. "तुझ्या संस्कृतात पोहणं शिकवतात का रे?" हा त्याचा विनोद माझ्या मौजीपासून चालत आला आहे. हसलो.

४ मार्च

लिहावंसं वाटत नाही. म्हणूनच लिहितो.

नाव पाण्यात सोडायला काँक्रीटचा उतार आहे. एरवी त्याचं टोक खोल पाण्यात असतं, ते कुठे संपतं याची कुणाला फिकीर नसते. पाणी उतरलं की टोक जवळ येतं, आणि टोकापलीकडे एकदम खड्डा, नि खाली गाळ. म्हणून अशा दिवसांत एकजण बांबू घेऊन पुढे पाण्यात जातो, पायाने काँक्रीट चाचपत टोक गाठतो आणि ओरडून सांगतो — इतकी पावलं आहेत. मग दादा जीप उलटी घेत नावेची ट्रॉली मागे आणतो, आरशात बघत, तोंडाने पावलं मोजत.

मी गुडघाभर पाण्यात गेलो. पाणी गार होतं. खिशात फोन होता. पहिल्या पानाच्या मथळ्यावरून संपादकांचा फोन यायचा होता. पुढे जायचं तर आधी मागे फिरून तो जीपमध्ये ठेवावा लागला असता. मी उभ्या जागेवरून बांबू पुढे दोनदा टेकवला. टक्क, टक्क. आणि ओरडलो, "इथून दहा पावलं!"

चार होती.

डावं चाक टोकावरून खाली गेलं, ट्रॉली कलंडली, नाव घसरून काँक्रीटच्या कडेवर आदळली. तळाची फळी उभी चिरली. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

दादा जीपमधून उतरला. बूट न काढता तसाच पाण्यात येऊन उभा राहिला. चिरलेल्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझंच चुकलं रे. मोजता मोजता आकडा सुटला. दहाच्या पुढे गेलो मी."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

असं म्हणालो मी!

५ मार्च

संपादकांचा फोन आलाच नव्हता.

८ मार्च

दादाकडे जाऊन आलो. सुतार फळी बसवतोय, आठवड्यात होईल म्हणतो. दादा ओट्यावर बसून बघत होता, पण सुताराला एकही सूचना केली नाही. चाळीस वर्षांत कुठला सुतार त्याच्या हातून असा सुटलेला नाही.

वहिनी आत बोलावून हळूच म्हणाल्या, "भावोजी, यांनी मनाला लावून घेतलंय. म्हणतात, अण्णांचं असंच सुरू झालं होतं."

अण्णा, म्हणजे आमचे वडील. शेवटची चार वर्षं स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसत. दर अर्ध्या तासाने उठत, हात जोडत आणि म्हणत, "बराय, निघतो आता." दादा त्यांना दारापर्यंत सोडायचा, अंगणातून एक फेरी मारून आणायचा आणि "या, बसा" म्हणायचा. मी तेव्हा शहरात होतो. बातम्या देत.

वहिनींना खरं सांगायला तोंड उघडलं. चहा घेतला नि मिटलं.

११ मार्च

शाळेत शास्त्रीबुवांनी घोकून घेतलं होतं : प्रत्यक्ष, अनुमान, आप्तवाक्य (म्हणजे भरवशाच्या माणसाचा शब्द). ज्ञान या वाटांनी येतं. त्या सकाळी प्रत्यक्ष चार पावलांवर होतं, मी अनुमानावर भागवलं, आणि दादाने ते आप्तवाक्य म्हणून घेतलं. दोन ठिकाणी तपासल्याशिवाय साधी चोरीची बातमी न पाठवणारा मी!

शहाणपणाने लिहिलेला हा परिच्छेद वाचून माझीच मला किळस आली.

१४ मार्च

दादा नाव विकतोय. मुकादम परत आलाय, तोच पूर्ण घेणार. मुकादम माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला — "मला नकोय हो ती! पण हे म्हणतात, तू नाही घेतलीस तर परक्याला देईन. तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतात ते."

माझं ऐकतो. तेच तर झालं.

वहिनींनी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. चोवीस तारीख. दोन महिने वाट पाहावी लागते म्हणे, कुणाचं तरी रद्द झालं म्हणून मिळाली.

१८ मार्च

पाणीपातळीच्या बातमीसाठी जलाशयावर गेलो. पाणी आणखी खाली गेलंय. उताराचं टोक उघडं पडलंय, कोरडं! कडेवर चाकाचा ओरखडा, नावेच्या निळ्या रंगाचे पोपडे. मी उभा होतो त्या जागेपासून चालत गेलो. एक, दोन, तीन, चार. माझा खोटेपणा आता कुणीही चपला घालून जाऊन मोजू शकतं.

दादा इथे अजून आलेला नाही. येईल. त्याने मोजायच्या आत मी सांगायला हवं.

२० मार्च

सांगितलं!

दादा जाळं विणत होता. मी उभ्या उभ्या बोलून टाकलं — गुडघा, फोन, बांबू, चार. वाटलं होतं, आता सुई फेकून मारेल. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे मी बरोबर मोजत होतो? गाढवा! सोळा दिवस मी अण्णा झालो होतो, सोळा दिवस!" मग खरंच एक ठेवून दिली पाठीत. चौपन्नाव्या वर्षी मार खाऊन इतकं बरं वाटेल, असं वाटलं नव्हतं.

"नाव विकायची नाही," दादा म्हणाला. "आणि ते डॉक्टरबिक्टर रद्द."

वहिनी दारात होत्या. म्हणाल्या, "अहो, पण ती जीप..."

"सोड ग," दादा म्हणाला.

मीही म्हणालो, "सोडा हो वहिनी. गुन्हेगार सापडलाय!"

तिथूनच, माझ्याच फोनवरून, डॉक्टरांची वेळ रद्द केली. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही ताटात दुसऱ्यांदा वाढताना माझ्याकडे बघून हसली.

२३ मार्च

आज नाव पाण्यात गेली. उतार आता कामाचा नाही. टोकापुढे नुसता गाळ. गाळावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर लोखंडी पाइप आडवे, आणि पाइपांवरून नाव ढकलत नेली. मागचा पाइप मोकळा झाला की मुकादमने उचलून धावत पुढे आणायचा. पुढे बांबू घेऊन मी. फोन घरी ठेवला होता. छातीपर्यंत गेलो, दर पावलाला खरा आकडा ओरडत. दादा मागून — "पंडित, आवाज नीट काढ! मंत्र म्हणतोयस का?"

नाव तरंगली तेव्हा तिघेही चिखलाचे गणपती झालो होतो. दादाने दोरी हातात घेतली, मोटर सुरू केली आणि मागे न बघता गेला. त्याचं मागे न बघणं बघत मी काठावर बसून राहिलो. किती दिवसांनी सुखाने भूक लागली.

२८ मार्च

दादाकडे गेलो होतो. ओट्यावर जाळं साफ करत होता. मध्येच हात थांबवून म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी तू दहा म्हणाला होतास ना? बघ ना, दहा म्हणालास आणि मी केवढा मागे गेलो. नाव फुटली असती तर?"

मी म्हणालो, "दादा, चार होती. तुला सांगितलं ना, आठ दिवसांपूर्वी. इथेच."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग फार घाईने हसला. "हो हो! सांगितलंस की."

आत जाऊन वहिनींना विचारलं, त्या दिवशी जीपचं काय सांगत होतात. जानेवारीत दादा पेट्रोल भरायला गेला आणि जीप तिथेच ठेवून चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी जीप चोरीला गेली म्हणून शोधत होता. वहिनी सांगत होत्या आणि मी त्यांना गप्प केलं होतं. मी सुटलो, या आनंदात.

२९ मार्च

डॉक्टरांकडे फोन केला. पुढची वेळ एकतीस मे. दादा रोज पहाटे एकटा नाव घेऊन जातो. मला भीती वाटते की एक दिवस त्याला काठ कुठल्या बाजूला आहे तेच आठवणार नाही.